मीठ घातलं, बॅकोसाइड वाढलं, पण बाटलीत रोप उरलंय कुठे?

बाटलीतली ब्राह्मी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे आणि गेले सात महिने मी ब्राह्मीला खारट मीडियावर (बाटलीतल्या पोषक जेलीवर) वाढवते आहे. विषय साधा: ऊतिसंवर्धनातल्या, म्हणजे तुकड्यापासून बाटलीत वाढवलेल्या ब्राह्मीला मिठाचा ताण दिला तर बॅकोसाइड (तिच्यातलं औषधी द्रव्य) वाढतं का? मॅडम म्हणतात वाढतं. एचपीएलसी (द्रव्यं वेगळी करून मोजणारं यंत्र) म्हणतं वाढतं. मी बाटली उजेडासमोर धरते आणि मला काहीच म्हणावंसं वाटत नाही.

काय केलं ते सांगते. एमएस मीडिया (ऊतिसंवर्धनातलं नेहमीचं क्षारांचं मिश्रण), ३ टक्के साखर, थोडं बीएपी (फुटवे आणणारं संप्रेरक). सोडियम क्लोराइड, म्हणजे मीठ, ०, २५, ५०, १०० आणि १५० मिलिमोलर (लिटरमागे किती विरघळलं त्याचं माप). दोन पेरांचे तुकडे, एका बाटलीत पाच, प्रत्येक मात्रेच्या चार बाटल्या, चार आठवडे.

२५ मध्ये फरक शोधावा लागतो. ५० मध्ये पानं लहान, पण जाडसर आणि छान हिरवी. खरं सांगायचं तर कंट्रोलपेक्षा (बिनमिठाच्या बाटलीपेक्षा) देखणी. १०० मध्ये नवीन फुटवे जवळपास थांबले, खालच्या पानांच्या कडा पिवळ्या. १५० चं वर्णन नको. दहाव्या दिवशी तुकड्याचं बूड तपकिरी झालं, विसाव्या दिवशी मी ट्रे मागच्या बाजूला ढकलला.

५० आणि १०० मध्ये बॅकोसाइड प्रति ग्रॅम कोरड्या वजनाला कंट्रोलच्या साधारण दीडपट आलं. प्रोलीन (ताणात रोप साठवतं ते अमिनो आम्ल) तर इतकं वाढलं की चाचणीतला टोल्युइनचा थर लालभडक दिसायला लागला आणि मला नमुने पातळ करून परत वाचावे लागले. मॅडम खूश.

मग दुसरी बॅच लावली. पोटॅशियम नायट्रेटचा स्टॉक संपत आला होता, म्हणून अर्ध्या ताकदीचं एमएस घेतलं. मीठ तेच, बाकी सगळं तेच. आणि ५० मध्येच शेंडे जळले! पहिल्या बॅचमध्ये जी मात्रा सगळ्यात देखणी होती तीच. बिनमिठाच्या बाटल्या मात्र दोन्ही बॅचमध्ये सारख्याच चांगल्या, म्हणजे अर्ध्या मीडियावर झाड उपाशी राहिलं असंही म्हणता येत नाही.

मग ब्राह्मीची सहनशक्ती ५० लिहू की १००? आणि १०० ला जे वाढलं ते खरंच वाढलं का?

पानफुटी

आधी एक शंका. कुठली ब्राह्मी? पाणथळ जागेतली बारीक मांसल पानांची नीरब्राह्मी, की गोल पानांची मंडूकपर्णी? दोघींना लोक ब्राह्मी म्हणतात आणि मिठाबाबत दोघींचा स्वभाव एक धरून चालणार नाही.

बाटलीतली ब्राह्मी

नीरब्राह्मी, बॅकोपा मोनिएरी. बॅकोसाइड म्हटल्यावर कळेल असं वाटलं होतं, पण बरोबर आहे, लिहायला हवं होतं.

अगरमगर

तुमची स्टॉक बाटली संपली हे चांगलंच झालं. नाहीतर हा प्रश्न तुम्हाला पडलाच नसता.

मी बरीच वर्षं मीडिया करतो. सदाफुली, अश्वगंधा, सर्पगंधा, सगळ्यांचे लाड करून झालेत. मिठाच्या प्रयोगात हमखास एक गोष्ट राहून जाते: मीठ कशात घातलं? आपण "५० मिलिमोलर" असं लिहितो जणू ते शुद्ध पाण्यात आहे. एमएस हे काही पाणी नव्हे. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये ते तंबाखूच्या ऊतींसाठी बसवलं, आणि तंबाखू खादाड. ६० मिलिमोलर नायट्रोजन, २० मिलिमोलर पोटॅशियम, ३ मिलिमोलर कॅल्शियम. ईसी मीटर (द्रावणातून वीज किती वाहते त्यावरून क्षार मोजणारं) बुडवून बघा, बिनमिठाच्या पूर्ण एमएसचं रीडिंग पाच-सहा डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या आसपास येतं. मातीच्या अर्काची ईसी ४ च्या वर गेली की जमिनीला क्षारपड म्हणतात. म्हणजे मातीच्या फूटपट्टीने मोजलं तर तुमचा कंट्रोलच क्षारपड! फक्त ते क्षार झाडाच्या कामाचे आहेत, म्हणून झाड कुरकुरत नाही.

आता तुमच्या दोन बॅचकडे बघू. पूर्ण एमएसमध्ये ५० सोडियमसमोर २० पोटॅशियम, म्हणजे अडीचाला एक. अर्ध्या एमएसमध्ये त्याच ५० समोर १०. पाचाला एक. कॅल्शियम तीनाचं दीड झालं. सोडियम आणि पोटॅशियम पेशीच्या दारात एकमेकांना ढकलत शिरतात आणि कॅल्शियम तिथे दार लोटून धरतं, त्यामुळे सोडियमची घुसखोरी कमी होते. तुम्ही गर्दी तेवढीच ठेवली आणि दारावरचा माणूस अर्धा केला.

गंमत पुढे आहे. एकूण खारटपणा कुठल्या बॅचमध्ये जास्त? पूर्ण एमएसमध्ये. पाणी खेचून घेण्याची अडचण तिथे जास्त होती, तरी तिथली ब्राह्मी टवटवीत. अर्ध्यात एकूण क्षार कमी, तरी शेंडे जळले. मग शेंडे जळण्याला "पाणी मिळालं नाही" हे कारण पुरत नाही. सोडियम (किंवा क्लोराइड, ते वेगळं काढावं लागेल) आत साठून विषारी झालं, ही शक्यता मोठी. मिठाच्या ताणाचे हे दोन भाग असतात: पहिला पाण्याचा, लगेच जाणवणारा, वाढ आखडणारा, दुसरा आयनांचा, हळूहळू साठणारा, पानं जाळणारा. तुमच्या १०० च्या बाटलीत दोन्ही एकदम दिसतायत. फुटवे थांबले हा पहिला, कडा पिवळ्या हा दुसरा.

वेगळे काढायचे तर मॅनिटॉल लावा. ५० मिलिमोलर मिठाच्या जोडीला साधारण १०० मिलिमोलर मॅनिटॉल, म्हणजे लिटरला १८.२ ग्रॅम. मीठ पाण्यात दोन आयनांत फुटतं, मॅनिटॉल फुटत नाही, म्हणून दुप्पट. पाण्याची ओढ जवळपास सारखी, सोडियम शून्य. सोबत ५० पोटॅशियम क्लोराइडचीही एक ओळ लावा (३.७३ ग्रॅम). क्लोराइड तेवढंच, सोडियम नाही. मॅनिटॉलमध्ये रोप नुसतंच लहान राहिलं आणि मिठात लहान राहून वर जळलं, तर उत्तर मिळालं.

जाता जाता: १०० मिलिमोलर म्हणजे लिटरला ५.८४ ग्रॅम मीठ. ते तुमच्या ३० ग्रॅम साखरेच्या जवळपास दुप्पट ताकदीने पाणी धरून ठेवतं. चिमूटभर दिसतं म्हणून लोक फसतात.

तेव्हा ५० लिहू की १००, याचं उत्तर: दोन्ही लिहा, पण प्रत्येकासमोर मीडियाची ताकद लिहा. नुसता आकडा अर्धवट आहे.

नवखा

माझा प्रश्न थोडा बाळबोध आहे. ब्राह्मी तशीही थोड्या खाऱ्या दलदलीत वाढते ना? मग बाटलीत एवढे नखरे का?

अगरमगर

बाळबोध अजिबात नाही. दलदलीत तिला मुळं असतात. मुळाच्या आतल्या थरात गाळणी असते, तिथे बरंचसं सोडियम अडवलं जातं. बाटलीत आपण दोन पेरांचा तुकडा कापून अगरमध्ये खोचतो. बूड उघडं. मुळं फुटेपर्यंत गाळणीच नाही, जे समोर येईल ते थेट आत. बीएपी असेल तर मुळं आणखी रेंगाळतात.

उलट बाजूही आहे. बाटलीत हवा दमट, पान पाणी फारसं उडवतच नाही. बाहेर त्याच पाण्याच्या धारेबरोबर सोडियम पानात चढतं, बाटलीत ती धार मंद. म्हणून बाटलीत १०० सोसलेलं रोप कुंडीत ५० ला मान टाकू शकतं, आणि बाटलीत मेलेलं कुंडीत मुळांच्या जोरावर जगू शकतं. बाटलीतल्या आकड्यावरून शेताचं भाकीत करू नका. शोधनिबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात सगळे हेच करतात, मीही केलंय.

आकडेमोड

अगरमगर यांनी मीडिया घेतला, मी भागाकार घेतो.

"प्रति ग्रॅम दीडपट." समजा कंट्रोलच्या बाटलीत ३०० मिलिग्रॅम कोरडा माल निघाला आणि त्यात ग्रॅमला १० मिलिग्रॅम बॅकोसाइड. बाटलीमागे ३ मिलिग्रॅम. मिठाच्या बाटलीत माल निम्मा, १५० मिलिग्रॅम, आणि ग्रॅमला १५. बाटलीमागे २.२५. औषध कमी झालं आणि आलेख वर गेला! झाडाने बॅकोसाइड बनवण्याचा वेग अजिबात वाढवला नसेल, फक्त बाकीची वाढ थांबवली असेल, तरीही तुमचा स्तंभ उंच दिसेल. खरोखर वाढलं म्हणायचं असेल तर बाटलीमागे एकूण किती हा आकडा हवा. तुमच्याकडे वजनं आहेत, तो आजच काढता येईल. माझा अंदाज: ५० ला कदाचित टिकेल, १०० ला पडेल.

कोरड्या वजनातही खोच आहे. मिठात वाढलेल्या रोपाच्या कोरड्या वजनात मीठही असतं. समजा ताज्या ग्रॅमभर ऊतीत ९० टक्के पाणी आणि आतलं मीठ मीडियाइतकंच, १०० मिलिमोलर. मग त्या ग्रॅमात सव्वापाच मिलिग्रॅम मीठ, आणि सगळा कोरडा ऐवज १०० मिलिग्रॅमच्या आसपास. पाचेक टक्के तुम्ही मीठच तोलताय. थोडा नमुना जाळून राखेचं वजन घ्या, बिनराखेच्या वजनावर हिशेब करा.

आता वाईट बातमी. चार बाटल्या, प्रत्येकीत पाच तुकडे. तुम्ही एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) किती लिहिलाय?

बाटलीतली ब्राह्मी

वीस. 🙈

आकडेमोड

चार आहे. पाचही तुकडे एकाच अगरवर, एकाच झाकणाखाली, शेल्फच्या एकाच कोपऱ्यात. बाटली हे एकक, तुकडे तिची सरासरी. वीस धरले तर कशातही लक्षणीय फरक निघतो, ट्यूबलाइटच्या अंतरातसुद्धा.

पानफुटी

बॅकोसाइडचं काय मोजलं तेही स्पष्ट करा. "बॅकोसाइड ए" हे एक संयुग नाही, चार सॅपोनिनांचं मिश्रण आहे: बॅकोसाइड ए३, बॅकोपासाइड दोन, बॅकोपासाइड एक्स आणि बॅकोपासॅपोनिन सी. मिठाने चौघं एकत्रच वर गेले की एक वर, एक खाली, हे एचपीएलसीच्या आलेखातली चार शिखरं वेगळी बघितल्याशिवाय कळणार नाही. बेरजेत भांडणं लपतात.

आणि प्रोलीनवर फार भाळू नका. निनहायड्रिनचा (प्रोलीनच्या चाचणीतलं रसायन) लाल रंग बघून मलाही एकेकाळी आनंद व्हायचा. पण ताप चढला एवढंच थर्मामीटर सांगतो, पेशंट झुंजतोय की हरतोय ते नाही. तुमच्या १५० च्या तपकिरी बुडातही प्रोलीन भरपूर निघेल, काढून बघा. एमडीए (पेशीचं पटल बिघडल्याची खूण) मोजणार असाल तर बूड नीट धुवा. मीडियातली साखर चिकटून आली की चाचणीतल्या थायोबार्बिट्युरिक आम्लाशी तीही रंग देते आणि ५३२ नॅनोमीटरचं रीडिंग फुगतं. ६०० चं वजा केलं तरी सगळं जात नाही. मिठाशिवाय, फक्त साखर घेऊन एक नळी लावा, डोळे उघडतील.

नवखा

दर सबकल्चरला (नव्या मीडियावर हलवताना) २५-२५ ने मीठ वाढवत नेलं तर १५० पण सोसेल ना? आमच्याकडे एकजण अश्वगंधेच्या कॅलसवर (पेशींच्या बिनआकाराच्या गोळ्यावर) असंच करतोय, म्हणतो सहनशील वाण तयार झाला.

अगरमगर

सोसेलही. झटका देणं आणि सवय लावणं या वेगळ्या गोष्टी. पेशी हळूहळू रिक्तिकेत (आतल्या पाणीभरल्या पिशवीत) सोडियम कोंडायला शिकते, प्रोलीनसारखी द्रव्यं साठवून बाहेरच्या ओढीशी बरोबरी करते. पण सवय म्हणजे वाण नव्हे. तुमच्या मित्राला सांगा, कॅलस चार-पाच सबकल्चर बिनमिठाच्या मीडियावर ठेव आणि मग एकदम १५० वर टाक. तेव्हाही वाढला तर बोलू. ऊतिसंवर्धनात टिकाऊ बदल होतात हे खरं, लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट यांनी १९८१ मध्ये त्याला सोमाक्लोनल व्हेरिएशन हे नाव दिलं, पण बदल झालाय हे दाखवावं लागतं. आणि सहनशील कॅलसपासून सहनशील रोप मिळेलच असं नाही. मुळात रोप मिळेल का, तिथूनच सुरुवात.

बाटलीतली ब्राह्मी

सगळ्यांचे आभार, आणि आकडेमोड यांचे थोडे रागावून. रात्री बसून बाटलीमागचा हिशेब काढला. २५ मध्ये कंट्रोलइतकंच, ५० मध्ये किंचित वर, पण चार बाटल्यांमधला फरकच इतका आहे की त्याला वर म्हणायची हिंमत नाही. १०० मध्ये सरळ खाली. मॅडमना आलेख दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या, "मग आधी वाढवून नंतर मीठ दे."

तेच करायचं ठरवलं आहे: चार आठवडे साधा मीडिया, शेवटचा एक आठवडा मीठ. रोपं उपटून दुसऱ्या बाटलीत हलवली तर जखमेचा ताण वेगळा. म्हणून निर्जंतुक मिठाचं पाणी वरून ओतायचा विचार आहे. बाटलीत ५० मिली मीडिया, वर १० मिली ३०० मिलिमोलरचं द्रावण, मिळून ५० मिलिमोलर. बरोबर ना?

अगरमगर

वहीत बरोबर. बाटलीत पहिले काही दिवस चूक. मीठ अगरमध्ये मुरायला वेळ घेतं. तोवर रोपाचं बूड ३०० च्या डबक्यात उभं. तुम्ही ५० चा ताण मोजायला जाल आणि ३०० चा झटका मोजून याल. शिवाय कंट्रोलमध्येही १० मिली साधं निर्जंतुक पाणी ओतावंच लागेल, नाहीतर ओलाव्याचा फरक मिठाच्या नावावर जाईल.

मी असतो तर शेवटच्या टप्प्यासाठी द्रव मीडिया घेतला असता. तळाशी गाळणकागदाचा पूल किंवा जाळी, त्यावर रोपं. जुना द्रव काढा, मिठाचा द्रव घाला, रोपाला हात लावायचा नाही. मिठाची मात्रा पहिल्या तासापासून खरी.

आणखी एक राहिलं. पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी बाटल्यांचं वजन घ्या. चार आठवड्यांत झाकणातून पाणी उडतं. ५० मिलीचे ४० झाले तर तुमचं १०० हे शेवटी १२५ असतं. मीठ उडत नाही.

पानफुटी

मीठ कुठलं वापरताय हे कुणीच विचारलं नाही. हसू नका, आमच्याकडे एकाने घाईत खायचं मीठ घातलं होतं. आयोडीनयुक्त, वर ते मोकळं राहावं म्हणून घातलेली पूड. मीडिया गढूळ झाला म्हणून पकडला गेला, नाहीतर प्रबंधात आलं असतं.

बाटलीतली ब्राह्मी (पाच आठवड्यांनी)

मॅनिटॉल आणि पोटॅशियम क्लोराइडच्या ओळी लावल्या, दोन्ही अर्ध्या एमएसवर, कारण जळण तिथेच दिसत होतं. यावेळी प्रत्येकी सहा बाटल्या, एन सहाच लिहिला आहे.

मॅनिटॉलची रोपं बुटकी, पण शेंड्यापर्यंत हिरवी. मिठाची तेवढीच बुटकी आणि पानांच्या वरच्या दोन जोड्यांची टोकं करपलेली, भिंगाखाली कडेला काचेसारखी पारदर्शक रेघ दिसते आणि तिच्या बाहेर तपकिरी. पोटॅशियम क्लोराइडमध्ये पानं फिकट, पण करपलेलं एकही नाही. म्हणजे क्लोराइडवर फार खापर फोडता येत नाही, बोट सोडियमकडेच जातं. आणखी एका ओळीत मीठ ५० ठेवून अर्ध्या एमएसमधलं फक्त कॅल्शियम परत ३ मिलिमोलर केलं. शेंडे वाचले, सगळे नाही, पण बहुतेक.

वजनही घेतलं. शेल्फच्या वरच्या फळीवरच्या बाटल्या खालच्यांपेक्षा जास्त सुकतात, ट्यूबलाइटच्या चोकची उष्णता असावी. आता दर आठवड्याला जागा बदलते.

जाळीवरच्या द्रव मीडियाची बॅच कालच लावली. सकाळी बघितलं तर मिठाच्या सहापैकी दोन बाटल्यांत पांढरी बुरशी. एन चार. आकडेमोड, काही बोलू नका.